साज मोडावयाचा कीं जोडावयाचा?

सोनें पाहावें कसून आणि माणूस पाहावें बसून, अशी आपल्याकडे म्हण आहे. यांपैकीं पहिलें काम सोनाराचें व दुसरें आपलें, अशी आमची आजवर समजूत होती. नुकताच मात्र एका वृद्ध सुवर्णकाराच्या शेगडीपुढें अकरा दिवस बसण्याचा योग आम्हांस आला, आणि दोन्ही कामें एकाच ठिकाणीं होऊं शकतात हें कळून आलें. त्या अकरा दिवसांत जें पाहिलें व जें शिकलों तें वाचकांपुढें, विशेषतः ज्यांच्या घरीं आजीच्या वेळचा एखादा दागिना कपाटांत पडून आहे अशा गृहिणींपुढें ठेवावें, म्हणून हा लेख.

प्रसंग असा झाला. आमच्या नातीचें लग्न ठरलें. २०२५ सालीं सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाख रुपयांच्या वर गेला, हें वाचकांस ठाऊकच आहे. मध्यम स्थितींतील घरास नवें सोनें घेणें जड जावें असा हा काळ. तेव्हां घरांतील जुनें सोनें बाहेर निघालें आणि त्यांत आमच्या मातोश्रींचा कोल्हापुरी साज निघाला. त्याची स्थिति शोचनीय होती. रेशीम कुजलेलें, दोन पानें सांध्यावर उकललेलीं, तिसरें पान तर चेपून फाटलेलें, आणि डबींत लाखेचा चुरा पसरलेला. आमच्या सूनबाईंनीं शांतपणें विचारलें, "मामंजी, तीस वर्षें हा कोणाच्याच गळ्यांत पडला नाहीं. मोडून मुलीला एक हलका हार केला, तर निदान ती तो घालील तरी. कपाटांत पडून राहिलेल्या सोन्याला दागिना कसें म्हणावें?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या सौ.चे डोळे भरून आले, परंतु उत्तर त्यांनाही देतां आलें नाहीं. जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याची संवय असूनही आम्ही निरुत्तर झालों, आणि साज रुमालांत बांधून गुजरीची वाट धरली.

गुजरी ही कोल्हापुरांतील सराफांची पेठ. अंबाबाईच्या देवळाकडे येणारा परगांवचा माणूस तिच्यावरून गेल्यावांचून राहत नाहीं. बाहेरच्या रस्त्यावर दिव्यांनीं झगमगणारीं दुकानें आहेत. परंतु दागिना जेथें जन्मास येतो तीं जागा मागच्या बोळांत, जिन्याखालीं, माळ्यावर अशी असते. तेथें हल्लीं बंगालकडून आलेले कारागीर पुष्कळ दिसतात. जुने कोल्हापुरी हात थोडे राहिले आहेत. अशाच एका हाताकडे आम्ही गेलों. सर्वजण त्यांस अण्णा म्हणतात; आम्हीही तेंच म्हणूं.

अण्णांनीं साज हातांत घेतला, वजन करण्यापूर्वीं तो उलटा केला आणि पानांची पाठ पाहिली. आम्हीं विचारलें, "समोरून नाहीं का पाहायचें?" ते म्हणाले, "मास्तर, तोंड सगळेच चांगलं करत्यात. कारागीर पाठीवर कळतो." परीक्षकाचें हें सूत्र आम्हांस तत्काळ पटलें. वहीच्या पहिल्या पानावरून विद्यार्थ्याची परीक्षा करूं नये, हें आम्हीही अनुभवानेंच शिकलों होतों.

साज म्हणजे काय?

ज्यांनीं साज जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. पूर्ण साजांत सामान्यतः २१ पानें मानतात. दहा दशावतारांचीं, आठ मंगलचिन्हांचीं, दोन माणिक व पाचू यांचीं, आणि एक डोरल्याचें अथवा ताइताचें. मासा, कासव, शंख, चंद्र, बेलपान, भुंगा अशा आकृति त्यांत दिसतात. दर दोन पानांमध्यें जवाच्या आकाराचा मणी असतो, त्यास जवमणी म्हणतात. हीं पानें व मणी भरीव नसतात. सोन्याच्या पातळ पत्र्याचा आकार करून त्याच्या पोटांत लाख भरलेली असते. त्यामुळें थोड्या सोन्यांत मोठा, गळाभर दिसणारा अलंकार होतो, आणि पत्रा पातळ असूनही तो सहसा चेपत नाहीं. साज श्रीमंतांप्रमाणेंच शेतकऱ्याच्या घरींही मंगळसूत्राच्या बरोबरीनें मिरवला, याचें एक कारण ही लाखच आहे.

आमच्या साजाबरोबर मोडी लिपींतील एक जीर्ण चिठी होती. तिच्यावर एकूण वजन ४ तोळे ३ मासे, पैकीं लाख १ तोळा २ मासे, निव्वळ सोनें ३ तोळे १ मासा, असा स्वच्छ हिशेब होता. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा, हें जुनें कोष्टक. आणि तो तोळा ११.६६ ग्रॅमांचा, हल्लींसारखा दहा ग्रॅमांचा नव्हे. म्हणजे निव्वळ सोनें सुमारें ३६ ग्रॅम. लाख किती हें कागदावर लिहून देणारा तो अनामिक सोनार प्रामाणिक होता यांत शंका नाहीं.

अण्णांनीं निर्णय दिला. दोन पानें जोडतां येतील; तिसरें, माशाचें पान, नवें करावें लागेल. "बसून बघणार असाल तर बघा," असें म्हणून त्यांनीं आम्हांस एक पाट दिला.

एका पानाची जन्मकथा

अमरकोशांत सोनारास 'नाडिंधम' असें एक नांव आहे. नाडी म्हणजे नळी. ती फुंकणारा तो नाडिंधम. पाणिनीच्या सूत्रांतही या शब्दाची सोय आहे. लहानपणीं हा शब्द आम्हीं केवळ पाठ केला. त्याचा अर्थ अण्णांच्या फुंकणीनें शिकविला. संत नरहरि सोनार यांनीं आपल्या अभंगांत देहाला बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी म्हटलें, आणि मूस, हातोडा, ताजवा या हत्यारांतून परमार्थ सांगितला, तोही आतां आम्हांस अधिक समजला.

माशाच्या फाटक्या पानाचें सोनें अवघें एक मासा भरलें. तें व थोडें नवें सोनें मातीच्या मुशींत घालून त्यावर चिमूटभर सवागी, म्हणजे टांकणखार टाकला. हा क्षार वितळून मळ आपल्यांत ओढून घेतो आणि धातूवर पातळ आवरण धरतो, म्हणून हवा लागून तांबें काळें पडत नाहीं. शुद्ध सोनें १०६४ अंश सेंटिग्रेडवर वितळतें. पण अण्णांच्या शेगडीजवळ उष्णतामापक नाहीं. सोन्याचा गोळा आरशासारखा लखलखून फिरूं लागला कीं तें तयार झालें, इतकेंच ते जाणतात.

रस सांच्यांत ओतून चिमुकली कांब झाली. ती ऐरणीवर ठोकतां ठोकतां पसरते, परंतु कांहीं घावांनंतर ताठर होते. तशीच ठोकीत राहिल्यास कांठ चिरतात. म्हणून तिला मंद लाल होईपर्यंत ताव देऊन निववितात आणि मग पुन्हां ठोकतात. ताव व घाव यांचा हा क्रम आम्हांस अध्यापनासारखाच वाटला. नुसत्या घावांनीं मूलही चिरतें आणि धातूही. सोन्याच्या अंगीं पसरण्याचा गुण इतका विलक्षण आहे कीं, एका ग्रॅमचा वर्ख सुमारें एक चौरस मीटर होऊं शकतो. पानाच्या पत्र्यास इतकें पातळ करावयाचें नसतें. हल्लीं शेवटचा हात लाटण्याच्या यंत्रानें देतात, म्हणजे जाडी सर्वत्र सारखी येते.

नंतर ठसा निघाला. हा अण्णांच्या आजोबांच्या वेळचा, काशाचा, माशाच्या आकृतीचा खोलगट ठसा. त्यावर पत्रा ठेवून वर शिशाची वडी ठेवली आणि तिच्यावर घाव घातले. शिसें मऊ असल्यामुळें तें पत्र्यास खोबणींत दाबतें, पण फाडीत नाहीं. माशाचे खवले, डोळा, शेपटी असें एकेक उमटत गेलें. मग शिशाचा कणही राहूं नये म्हणून पत्रा काळजीनें पुसला. कारण शिशाचा अंश तापतांना सोन्यांत शिरला तर सोनें ठिसूळ होतें.

आतां पुढचा भाग व मागची सपाट पाठ जोडावयाची. येथें सोनाराची खरी कसोटी लागते. जोडण्यास जो धातु वापरतात त्यास डाक म्हणतात. तो सोनें, चांदी व तांबें यांच्या मिश्रणाचा असून दागिन्याच्या सोन्याहून कमी उष्णतेवर वितळतो. सहाणेवर सवागी पाण्यांत उगाळून सांध्यास लावली, डाकाचे मोहरीएवढे तुकडे त्यावर मांडले आणि फुंकणीनें ज्योत वळविली. दागिना सर्व बाजूंनीं सारखा तापला पाहिजे, कारण डाक उष्णतेकडे धांवतो. एक क्षण कमी झाला तर सांधा कच्चा राहतो, आणि एक क्षण अधिक झाला तर पानाचा मासा जाऊन पुन्हां गोळा होतो! डाक पाण्यासारखा सांध्यांतून सरकला, त्याची रेघ चमकली, आणि त्याच निमिषास अण्णांनीं फुंकणी ओठांवरून काढली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या श्वासावर इतका ताबा पाहून आम्ही थक्क झालों.

एकाच दागिन्यास अनेक सांधे असतील तर पहिल्या सांध्यास कडक डाक व पुढच्यांस क्रमानें मऊ डाक वापरतात, नाहींतर दुसरा जोडतांना पहिला सुटेल. झालेल्या सांध्यावर गेरूचा लेपही देतात, म्हणजे तेथला डाक हलत नाहीं.

पाठीला ठेवलेल्या छिद्रांतून मग लाख भरली. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून ती मिळते. तींत विटकरीची वस्त्रगाळ पूड मिसळून ती ऊन करून आंत दाबली, थंड झाल्यावर छिद्र बुजविलें आणि पानाच्या पाठीस मूळच्यासारखी बारीक कड काढली. शेवटीं जुनी रीत म्हणून तुरटी, सोरा व मीठ यांच्या मिश्रणाचा एक हात डाकाच्या सांध्यावर व कडेवर लाख भरण्यापूर्वींच दिला होता. त्यानें पृष्ठावरील तांबें व चांदी निघून जाते आणि सोन्याचा रंग वर येतो. मग ओपणीनें घासून झळाळी आणिली.

मोडण्याहून जोडणें अवघड

वाचकांस वाटेल कीं नवें पान करणें कठीण व जुनें जोडणें सोपें. प्रत्यक्षांत उलट आहे. उकललेल्या पानाच्या पोटांत लाख असते. तशा स्थितींत त्यावर ज्योत धरली तर लाख जळून धूर कोंडतो व पान फुगून फुटतें. म्हणून प्रथम मंद उष्णतेनें लाख गाळून काढावी लागते, आंतला कोपरा न् कोपरा स्वच्छ करावा लागतो, जुना डाक कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि मग त्याच्याहून मऊ डाकानें जोडावें लागतें. एका पानास दीड दिवस लागला. अण्णा म्हणाले, "मास्तर, आटवायला दहा मिनिटं, जोडायला दहा दिवस. आणि लोक पैसं दहा मिनिटांचंच देत्यात."

यावरून आम्हांस हिशेबाची इच्छा झाली, आणि वाचकांनींही तो करावा असें वाटतें. आमचें सोनें कागदावर ३६ ग्रॅम. परंतु जुन्या दागिन्यांत डाक असल्यामुळें सर्व आटविल्यावर त्याचा सरासरी कस २० कॅरटांच्या आसपास भरेल, असा अंदाज अण्णांनीं कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून दिला. म्हणजे २२ कॅरटांच्या हिशेबानें तें सुमारें ३२.७ ग्रॅम झालें. एका मोठ्या दुकानांत नव्या हाराची मजुरी शेकडा १२ सांगितली होती, त्यावर शेकडा ३ वस्तु-सेवा कर. हें सर्व त्याच सोन्यांतून भागवावयाचें म्हटल्यास हातीं येणारा हार सुमारें २८.३ ग्रॅमांचा! पहिली घट ही कोणाची लबाडी नव्हे, ती डाकाची आहे. आणि मजुरी व कर हेही रास्तच आहेत. परंतु मोडतांना आपण जुन्या कारागिराची मजुरी अग्नींत टाकतों व नव्या कारागिराची मजुरी पुन्हां देतों, हें गृहिणीस ठाऊक असावें. दुरुस्तीची मजुरी त्या नव्या मजुरीच्या चौथाईहूनही कमी झाली.

याच डाकापायीं एक मोठी गोष्ट घडून गेली. आटविल्यावर कस उतरूं नये म्हणून मध्यंतरीं कॅड्मियम धातूचा डाक पुष्कळ रूढ झाला, 'के.डी.एम.' हीं अक्षरें अनेकांनीं अभिमानानें आपल्या पावत्यांवर पाहिलीं असतील. हा धातु ७६७ अंशांवर उकळून वाफ होतो, म्हणून जोडतांना बराचसा उडून जातो व सोन्याचा कस टिकतो. परंतु ती वाफ जाते कोठें? कारागिराच्या फुप्फुसांत. फुप्फुसें व मूत्रपिंडें यांस ती अत्यंत घातक आहे. अण्णांच्या माळ्यावर आतां हा डाक येत नाहीं. जस्त इत्यादि इतर धातूंचे डाक ते वापरतात. आपल्या गळ्यांतील शुद्धतेसाठीं दुसऱ्याच्या छातींत विष जाऊं नये, हें ग्राहकानें विचारून घेण्यासारखें आहे.

चौदा कॅरटांचे दिवस

एके दुपारीं, चहाच्या वेळीं, आम्हीं अण्णांस विचारलें कीं वडिलांचा हात त्यांच्याकडे सरळ आला काय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मधीं तुटला हुता."

चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्यें, मोरारजी देसाई अर्थमंत्री असतांना सुवर्णनियंत्रण आलें. १४ कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. परदेशांतून चोरून येणारें सोनें थांबावें व देशाचें परकीय चलन वांचावें, हा त्यामागील हेतु होता. परंतु १४ कॅरट म्हणजे शंभरांत साडे-अठ्ठावन्न भाग सोनें. असा पत्रा ठशाच्या खोबणींत नीट उतरत नाहीं, आणि गिऱ्हाइकासही तो नको होता. देशभर लक्षावधि सुवर्णकारांचे हात रिकामे झाले. कित्येकांनीं जीव दिले. १९६६ सालीं कसाचें बंधन सैल झालें, १९६८ सालीं स्वतंत्र कायदा झाला, आणि तो शेवटीं १९९० सालीं रद्द झाला. अण्णांचे वडील त्या काळांत भाजीची गाडी ओढीत होते. ठसे त्यांनीं पोत्यांत बांधून माळ्यावर टाकले. भंगारवाला काशाचा भाव देत असतांही विकले नाहींत. माशाचा ठसा त्याच पोत्यांतला. तो विकला गेला असता तर आमच्या साजांत आज दहाऐवजीं नऊच अवतार राहिले असते.

आतां प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. अण्णांचे चिरंजीव पुण्यास संगणकावर दागिन्यांचे आराखडे काढतात. मेणाचे नमुने यंत्रानें निघतात, त्यांवर सांचे करून एका वेळीं अनेक दागिने ओततात. हें काम वाईट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मेण वितळवून धातु ओतण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. यंत्रानें तिचा वेग मात्र वाढविला. अण्णांसही मुलाचा राग नाहीं. त्यांचें दुःख निराळें आहे. आराखडा संगणकांत राहतो. परंतु डाक कोणत्या निमिषास सरकला हें संगणकांत राहत नाहीं, तें डोळ्यांतून डोळ्यांतच जातें, आणि पाटावर बसावयास कोणी नाहीं.

जेथें घरेंच्या घरें एका धंद्यांत राहिलीं तेथें कला टिकली, याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. हातकणंगले तालुक्यांतील हुपरी गांवांत चांदीचें काम पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे, आणि तेथील पैंजण देशभर जातात. एका घरीं तार ओढतात, दुसरीकडे कड्या जोडतात, तिसरीकडे उजाळा देतात. हातांची सांखळी तुटली नाहीं म्हणून पैंजणाची सांखळीही तुटली नाहीं. तसेंच सांगली जिल्ह्यांतील खानापूर-आटपाडीकडील लोक सोनें-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई धंद्यासाठीं साऱ्या भारतांत पसरले आहेत. आणि झारेकरी! सोनाराच्या माळ्यावरील केर विकत घेऊन, धुऊन, त्यांतील सुवर्णकण काढणारे हे लोक. अण्णा आपल्या पाटाखालची धूळही झाडून डब्यांत ठेवतात. जेथें धूळही टाकून देत नाहींत तेथें आम्ही अखंड साज टाकावयास निघालों होतों!

गृहिणींसाठीं चार गोष्टी

जें आम्हीं अण्णांकडून मिळविलें त्यांतील घरोपयोगी भाग असा.

पहिली गोष्ट, लाखेचा दागिना कधीं कढत पाण्यांत घालूं नये व विस्तवाजवळ ठेवूं नये. आंतली लाख मऊ होऊन पान वांकडें होतें. रिठ्याचें कोमट पाणी, मऊ ब्रश आणि सुती फडकें एवढें पुरे. मोत्यांस तर रिठा वा साबणही नको. ओलसर फडक्यानें पुसून लगेच कोरडें करावें, अत्तर लावून झाल्यावरच मोतीं घालावे.

दुसरी, प्रत्येक दागिना स्वतंत्र मऊ कापडांत ठेवावा. सोनें मऊ आहे. एकावर एक टाकल्यास तें झिजतें. चांदी काळी पडते ती गंधकामुळें, म्हणून ती रबराजवळ ठेवूं नये.

तिसरी, रेशीम व तार हीं झिजणारींच आहेत. दागिना रोजच्या वापरांत असेल तर तीं वेळोवेळीं पटवेकऱ्याकडून तपासून घ्यावीं. बहुतेक साज व ठुश्या हरवतात त्या चोरांमुळें नव्हे, कुजक्या दोऱ्यामुळें.

चौथी, नवें घेतांना वा जुनें देतांना एकूण वजन, लाख व खडे यांचें वजन, आणि निव्वळ सोनें हीं तीन निरनिराळीं लिहून घ्यावीं. जून २०२१ पासून देशांतील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, व १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एच्.यू.आय्.डी. खूण लागते. घरांतील जुन्या दागिन्यावर ती नसली म्हणून तो बाळगणें गुन्हा होत नाहीं. फार तर कस तपासून घ्यावा. खूण सोन्याचा कस सांगते. घडणीचा कस मात्र पाठ उलटी करूनच पाहावा लागतो.

अकराव्या दिवशीं पटवेकऱ्यानें साज तांबड्या रेशमांत ओवून दिला. घरीं आणून आम्हीं तो सूनबाईंच्या हातांत ठेवला आणि हिशेबाचा कागदही पुढें केला. त्यांनीं कागद नीट वाचला. मग म्हणाल्या, "हिशेब पटला, मामंजी. पण माझी अट राहिली. हा पुन्हां कपाटांत जायचा नाहीं." हा निर्णय आम्हांस आमच्या स्वतःच्या मताहून अधिक शहाणपणाचा वाटला. त्यांचा मूळ प्रश्न बरोबरच होता. चुकलें होतें तें आमचें तीस वर्षांचें दुर्लक्ष. घरांतील दोन तुटक्या यंत्रघडीव सांखळ्या मोडून नातीसाठीं रोजचा हार केला, आणि साज लग्नांत तिच्या गळ्यांत पडला.

नव्या माशाचा रंग जुन्या वीस पानांहून किंचित् उजळ आहे. तो इतरांसारखा जुनाट करून देण्याची अण्णांची तयारी होती. नातीनेंच नको म्हटलें. "हा माझ्या लग्नांतला मासा," असें ती सांगते. लग्नास अण्णा आले होते. अक्षता टाकून झाल्यावर त्यांनीं तिला जवळ बोलाविलें, 'बाळ, जरा पाठ दाखव' म्हणून साजाचें एक पान हळूच उलटें केलें, सांधा पाहिला, आणि समाधानानें पंगतीस जाऊन बसले.

'अलंकार' या शब्दांत 'अलम्' आहे, आणि अलम् म्हणजे पुरेसें. जें आहे तें नीट करून पुरेसें करणें, असाही त्याचा अर्थ घेतां येईल. आपल्या घरींही एखादी डबी असेल, तर ती मोडीसाठीं तराजूंत टाकण्यापूर्वीं एकदां एखाद्या जुन्या कारागिराच्या पाटावर उघडा. आणि सवड असेल तर घरांतील एखाद्या मुलास बरोबर न्या. कोणीतरी तेथें बसून पाहावयास हवें आहे.